वाहत्या लादीवरचं बिऱ्हाड

उन्हाळा आला की तिथली घरं उंच होतात. कोणी मजला चढवत नाही, भोवतालची जमीनच खाली जाते. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, वाहत्या बर्फाच्या लादीवर शास्त्रज्ञांचा तळ पडतो तेव्हा तंबू, झोपड्या थेट बर्फावरच उभ्या असतात. जून-जुलैमध्ये सूर्य मावळतच नाही. उघड्यावरचा बर्फ वितळत जातो, पण झोपडीखाली सावली असल्यामुळे तिथला तसाच राहतो. काही आठवड्यांत झोपडी ओट्यावर चढून बसल्यासारखी दिसू लागते. मग दाराशी पायरी आणून ठेवा. ओटा कडेने झिजला आणि झोपडी कलली, की सगळं सामान बाहेर काढा आणि घर शेजारी हलवा.

ध्रुवाच्या गोष्टींत थंडी, अस्वलं आणि शौर्य भरपूर असतं. मला मात्र त्या घर हलवणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. भाडेकरूच्या आयुष्यात मालक घर खाली करायला सांगतो. इथे सूर्य सांगतो आणि मुदतही देत नाही.

असं बिऱ्हाड पहिल्यांदा रीतसर थाटलं ते सोव्हिएत रशियाच्या चौघांनी. २१ मे १९३७ रोजी विमानं त्यांना ध्रुवाजवळ उतरवून गेली. तळप्रमुख इव्हान पापानिन, रेडिओ सांभाळणारा अर्न्स्ट क्रेन्केल, समुद्राचा अभ्यासक प्योत्र शिर्शोव आणि हवामान व चुंबकत्वाच्या नोंदी घेणारा येव्गेनी फ्योदोरोव. पाचवा व्हेसोली नावाचा कुत्रा. या नावाचा अर्थ आनंदी, आणि साठ्यातलं खाणं पळवण्यात त्याला खरोखरच आनंद होता. पायाखाली सुमारे तीन मीटर बर्फ, त्याखाली चार किलोमीटरहून जास्त पाणी. जाजम अंथरून विहिरीवर संसार मांडावा, तसं.

पापानिन शास्त्रज्ञ नव्हता. तो प्रमुख होता, म्हणून स्वयंपाकही त्याच्याकडेच. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. ज्याच्या हातात पळी, त्याच्याशी वाद घालायला माणूस दोनदा विचार करतो, आणि चौघांनी एका तंबूत महिनोन् महिने काढायचे म्हणजे विचार करणं बरंच.

चहाच्या पाण्यातही अक्कल लागते. भोवती सगळा समुद्र, म्हणजे पाणी खारट. पण समुद्राचा बर्फ जुना होत जातो तसं त्यातलं मीठ हळूहळू खाली झिरपून जातं. म्हणून ढेकळं आणायची ती जुन्या, उंचावर आलेल्या बर्फाची. नव्या, कोवळ्या बर्फाची आणली तर चहाच्या पहिल्याच घोटाला कळतं. उन्हाळ्यात लादीवर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात आणि तळात पाणी शिरतं. तेव्हा तळ्याच्या बुडाला भोक पाडतात, की मोरीचं बूच काढल्यासारखं सगळं पाणी गरगरत समुद्रात. कामं हीच, घरचीच. फक्त मोरी चार किलोमीटर खोल.

शिर्शोवला त्या खोलीचा आकडा हवा होता. तारेला वजन बांधून खाली सोडायचं. ते तळाला टेकल्यावर तार परत गुंडाळायची, तीही हाताने फिरवायच्या रहाटावर. ध्रुवाजवळ आकडा आला ४,२९० मीटर. सोडताना वजन आपसूक जातं. वर आणताना मात्र चौघे आळीपाळीने तासन् तास रहाट फिरवत. शास्त्राच्या पुस्तकात तो आकडा एका ओळीत बसतो. त्याला चिकटलेल्या खांदेदुखीला रकाना नाही.

हवेच्या नोंदी ठरल्या वेळी घ्यायच्याच, वादळ असो वा नसो. पण वाऱ्याची दिशा लिहायची कशी? लादी नुसती वाहत नाही, ती फिरतेसुद्धा. काल दार ज्या बाजूला होतं त्या बाजूला आज असेलच असं नाही. आधी स्वतःचं तोंड कुठे आहे ते शोधायचं, मगच वारा कुठून येतो ते सांगायचं. (हा नियम लादीबाहेरही पाळला गेला तर पुष्कळ भांडणं वाचतील, पण ते असो.) ध्रुवाजवळ सगळी रेखावृत्तं दाटीने एकत्र येतात, त्यामुळे घड्याळही ठरवूनच लावावं लागतं. जेवणाची वेळ सूर्य सांगत नाही. वेळ झाली असं सगळ्यांनी मान्य केलं की झाली.

मधल्या काळात या चौघांना निवडणुकीचाही निकाल आला. डिसेंबर १९३७ मध्ये चौघेही सर्वोच्च सोव्हिएतवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले. वाहून जाणारे चार लोकप्रतिनिधी, आणि मतदारांना आपला प्रतिनिधी कुठे आहे हे रोज रेडिओवरून नेमकं कळायचं!

पुढे असे तळ कितीतरी झाले. आता मोठं जहाजच बर्फाला बांधून ठेवतात आणि भोवती तळ पसरतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीचं पोलारस्टर्न असं एका लादीला टेकलं. त्यात गरम पाणी, खानावळ, सगळं. तरी बर्फावर उतरायचं तर अस्वलावर नजर ठेवणारा बंदूकधारी सोबत लागतोच, आणि जहाजातून उपकरणांकडे गेलेल्या वायरींखालून कधी भेग पडेल सांगता येत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे माणसं बदलायची सोय कोलमडली, तेव्हा जहाजाला लादी सोडून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत जावं लागलं. साधारण महिनाभराने परत आले तर घर पुढे निघून गेलेलं. मागे ठेवलेली यंत्रं आपला ठावठिकाणा कळवत होती म्हणून शोधणं सोपं गेलं. जुलैअखेरीस ती लादी फुटली. दुसरी पाहावी लागली.

पापानिनची लादीही दक्षिणेकडे येता येता लहान होत गेली. बर्फ रात्री बोलतो. दूरवर करकर, मग जवळ धडाका. १ फेब्रुवारी १९३८ रोजी, ग्रीनलंडच्या पूर्वेला वादळात, तळाच्या मधूनच भेग गेली. सुरुवातीला कित्येक किलोमीटर पसरलेलं अंगण आता काही शे मीटरांवर आलं, आणि पुढे त्याहून लहान. काही सामान वाहून गेलं. नोंदी चालू राहिल्या, स्वयंपाकही. १९ फेब्रुवारीला तायमिर आणि मुर्मान ही जहाजं पोचली. २७४ दिवस झाले होते.

निघण्याआधी क्रेन्केलने शेवटचा संदेश पाठवला. त्यात या क्षणी लादी कुठे आहे तेही कळवलं: ७० अंश ५४ मिनिटं उत्तर, १९ अंश ४८ मिनिटं पश्चिम. इतकं चोख बिऱ्हाड कुणी सोडलं नसेल. मग यंत्र बंद झालं, माणसं जहाजाकडे वळली, आणि तो पत्ता सांगून होईपर्यंत लादी थोडी पुढे सरकलीही होती.