मोठ्या सिस्टर आणि पाखरांची वही

सुवर्णमहोत्सव समितीच्या पत्रात ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहावे, असे सुचवले आहे. लिहायला बसले तेव्हा इमारत, पटांगण, मधल्या सुट्टीची घंटा हे सारे आठवले खरे. पण प्रत्येक आठवणीत मोठ्या सिस्टरच पुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यामुळे हे मनोगत शाळेविषयी कमी आणि त्यांच्याविषयी अधिक झाले, तर वाचकांनी ते गोड मानून घ्यावे. १९९० च्या दशकात आपल्या शाळेतून दहावी दिलेल्या कोणालाही मोठ्या सिस्टर कोण हे सांगण्याची गरज नाही. त्या आम्हाला विज्ञान आणि बीजगणित शिकवत, मुलींच्या बोर्डिंगची व्यवस्था पाहत, आणि परिपाठाच्या वेळी व्हरांड्यातल्या शेवटच्या खांबाजवळ अशा उभ्या राहत की, उशिरा येणाऱ्याला त्यांच्यासमोरूनच जावे लागे.

त्या काळी आपल्या भागातील कपाशीवाल्यांची झोप हिरव्या बोंडअळीने उडवली होती. बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती २००२ मध्ये. त्याआधी पात्या म्हणजे कळ्या, फुले आणि बोंडे पोखरणाऱ्या या अळीला आवरायचे म्हणजे फवारणीवर फवारणी करायची, आणि पायरेथ्रॉइड गटातील औषधांना तर ती जुमानेनाशी झाली होती. माझे बाबा कृषी केंद्रातून उधारीवर डबे आणत आणि पाठीवर पंप बांधून पऱ्हाटीत फिरत. मी नववीत असताना एकदा सिस्टरांनी वर्गात विचारले की, कोणाच्या घरी या आठवड्यात फवारणी झाली. जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. मग त्यांनी विचारले की, फवारणी नेमकी त्याच दिवशी का केली. शेजाऱ्याने केली म्हणून, याखेरीज दुसरे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्यावर त्या म्हणाल्या, “अळी दिसते तोवर उशीर झालेला असतो. आपण या अळीची पाखरे, म्हणजे पतंग, मोजू या. पाखरू अंडी घालते, तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. म्हणजे पाखरे वाढली की आपल्याला तेवढे दिवस आधी कळेल.”

अशा रीतीने कॉन्व्हेंटच्या मागे, भाजीच्या वाफ्यांपलीकडे, जिथून कपाशीचे शिवार सुरू होत असे, तिथे आपल्या शाळेचा प्रकाश सापळा उभा राहिला. बांबूच्या तिकाटण्याला एक दिवा टांगलेला, त्यावर पावसापासून आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, आणि खाली घमेल्यात पाणी व त्यावर थोडे रॉकेल. संध्याकाळी बोर्डिंगच्या मुली दिवा लावत आणि रात्रीच्या अभ्यासानंतर विझवत. सकाळी घमेल्यातून निघालेल्या ढिगातून बोंडअळीचे पाखरू ओळखून वेगळे काढणे हे आमचे काम. त्यात भुंगेरे असत, तुडतुडे असत, नुसत्या चिलटांचा थर असे. पिवळसर तपकिरी पुढच्या पंखावर मध्याच्या जवळ एक काळपट ठिपका, आणि मागचा पंख फिकट पण कडेला रुंद काळसर पट्टा, ही खूण सिस्टरांनी आम्हाला दवाखान्यातून मागून आणलेल्या चिमट्याने एकेक पंख पसरून, वर्तमानपत्रावर ठेवून दाखवली होती. भिजलेला पंख न फाटता उलगडायचा कसा, हे त्यांच्या बोटांकडे पाहून मी शिकले आणि अजूनही तसेच करते.

नोंदीसाठी एक लांबट वही होती. तारीख, दिवा लावल्याची आणि विझवल्याची वेळ, पाऊस, वारा, पाखरांची संख्या आणि मोजणाऱ्याची सही, असे रकाने सिस्टरांनी स्वतः आखले होते. काही दिवशी एकही पाखरू नसे. अशा दिवशी रकाना मोकळा सोडावा, असे आम्हाला वाटे. पण त्या शून्य लिहायला लावत. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले होते आणि आलेखात खंड पडणार, म्हणून सगळे हळहळले. आमच्यातल्या एका मुलाने आदल्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी काढून आकडा भरावा असे सुचवले. त्यात त्याचा खोटेपणा नव्हता. सरासरीचे प्रकरण त्याच महिन्यात वर्गात शिकवून झाले होते. सिस्टरांनी त्याचे ऐकून घेतले, वही स्वतःकडे ओढली आणि त्या रकान्यात लिहिले, ‘वीज नव्हती. नोंद नाही.’ मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “पाहिले आणि आढळले नाही, हे शून्य. पाहिलेच नाही, त्याला शून्यही लिहायचे नाही आणि दहाही लिहायचे नाहीत.”

तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या शेजारी थर्मोकोलचे ज्वालामुखी आणि रंगीत बल्बांची धरणे होती. आमच्याकडे एक आलेख, पुठ्ठ्यावर टाचलेली पाखरे आणि ती वही. परीक्षकांनी आलेखातील तुटलेल्या रेषेवर बोट ठेवून विचारले आणि आम्ही जे घडले ते सांगितले. त्यांनी वही मागून घेतली आणि उभ्यानेच बराच वेळ चाळली. आमचा प्रकल्प जिल्ह्याला निवडला गेला. शाळेच्या कार्यालयातील कपाटात त्या वर्षीची ढाल अजून आहे, असे मी मागच्या खेपेस पाहिले. खो-खोच्या मुलींनी विभागापर्यंत जाऊन आणलेल्या चषकांच्या मागे ती आहे, आणि त्या चषकांचा मान मोठा असल्याने ते योग्यच आहे.

परंतु मला त्या ढालीपेक्षा फाटकावरची सकाळ अधिक आठवते. वेचणीच्या आधीच्या दिवसांत गावातील शेतकरी रानाकडे जाताना कॉन्व्हेंटच्या फाटकाशी बैल थांबवून विचारीत, “सिस्टरबाई, आज किती पाखरं पडले?” सिस्टर आकडा सांगत आणि सोबत हेही सांगत की, हा एका सापळ्याचा आकडा आहे, तुम्ही आपल्या शेतात पात्या उलटून पाहा आणि मगच औषधाचे ठरवा. त्या हंगामात माझ्या बाबांनी फवारणीचा दिवस शेजाऱ्याकडे पाहून ठरवला नाही.

आता श्रद्धेविषयी लिहिते, कारण मोठ्या सिस्टरांबद्दल लिहिताना ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या केरळातून आल्या होत्या आणि मराठी क्रमिक पुस्तकांतून शिकल्या होत्या, म्हणून आम्हा वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरींपेक्षा त्यांचे मराठी अधिक शुद्ध असे. पहाटे चॅपलमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, झाली की त्या थेट सापळ्याकडे येत. वही उघडण्यापूर्वी क्रूसाची खूण करीत. आम्हा हिंदू, बौद्ध आणि कोलाम आदिवासी मुलींपैकी कोणी हात जोडी, कोणी नुसती उभी राही. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जात तेव्हा आम्हाला मूल्यशिक्षण असे, आणि बहुतेक वेळा ते सिस्टरच घेत. रात्री झोपण्यापूर्वी त्या चॅपलमध्ये एकट्या बसून दिवसभरात आपण काय केले आणि काय करायचे राहिले, याचा हिशेब देवापुढे मांडतात, असे बोर्डिंगमधल्या मैत्रिणी सांगत. माझी अशी ठाम समजूत आहे की, वहीतल्या त्या ‘नोंद नाही’चा उगम त्या रात्रीच्या हिशेबातच होता. जी बाई देवासमोर रोज खरे सांगते, ती घमेल्यातल्या पाखरांबद्दल खोटे लिहू शकत नाही.

दरवर्षी ३ जानेवारीला त्या आम्हाला केरळातील कॅथलिक धर्मगुरू चावरा फादर यांची गोष्ट सांगत. १८४६ मध्ये मान्नानम येथे त्यांनी संस्कृत शाळा काढली आणि तिची दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी ठेवली; १८६४ मध्ये प्रत्येक चर्चला जोडून शाळा असलीच पाहिजे असे फर्मान काढले; आणि गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळावे म्हणून घरोघरच्या बायांना स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ बाजूला काढायला सांगितले. ८ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टयम येथे चावरा फादर आणि सिस्टर अल्फोन्सा यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले, तेव्हा त्या गर्दीत आपण होतो, हे सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. आपल्या शाळेत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कार्यालयाबाहेर जे पिंप ठेवले जाई आणि ज्यात आपण घरून आणलेली मूठभर तुरीची डाळ किंवा ज्वारी टाकत असू, त्याचे मूळ त्या गोष्टीत होते, हे अनेकांना ठाऊक नसेल म्हणून मुद्दाम लिहिले. कोणी किती टाकले हे पाहायला पिंपाजवळ कोणी उभे नसे.

नाताळचा गोठाही विसरता येत नाही. तो तुराट्यांचा आणि कडब्याचा असे, आणि छपरावरच्या बर्फासाठी लागणारा कापूस आम्ही वेचणीतून ओंजळ-ओंजळ आणत असू. एका वर्षी पावसाने भिजून पिवळा पडलेला कापूसच घरात उरला होता, म्हणून मी तो देताना संकोचले. सिस्टरांनी तोच गव्हाणीत, बाळ येशूच्या मूर्तीखाली अंथरला.

मला या शाळेत घातले तेव्हा गावात कुजबूज झाली होती की, पोरगी आता त्यांच्यातली होणार. माझे बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे; राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी होई. बाबा आजारी पडले तेव्हा सिस्टर भेटायला आल्या आणि नेमकी प्रार्थनेची वेळ झाली. त्या उठून गेल्या नाहीत. बायकांच्या रांगेत, सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसल्या आणि मौनाच्या वेळी डोळे मिटून राहिल्या. प्रार्थना संपल्यावर बाबा एवढेच म्हणाले, “भाऊबीजेला येत जा.” सिस्टर बदली होईपर्यंत येत राहिल्या. इतक्या वर्षांत माझ्या धर्माबद्दल त्या माझ्याशी एकदाही बोलल्या नाहीत, हे मी येथे जबाबदारीने लिहिते.

दहावीच्या निकालांचा फलक शाळेत आहेच, त्यामुळे कोणाला किती गुण मिळाले हे सांगत नाही. मात्र एक नाव त्या फलकावर कधीच आले नाही आणि तरीही ते मला सर्वांत मोठे वाटते. माझ्या बाकावरची मैत्रीण माणिकगडच्या पहाडावरच्या कोलामगुड्यावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आली होती. तिच्या गुड्यावर तोवर कोणत्याही मुलीने दहावी गाठलेली नव्हती. तिला गणित जड जाई, आणि सिस्टर तिला रात्री भारनियमनात कंदिलाच्या उजेडात पुन्हा पुन्हा तेच उदाहरण सोडवायला लावत. परीक्षेच्या आधीच्या मिस्सेला चॅपलच्या पायऱ्यांवर सगळ्या जातिधर्मांच्या मुलांच्या चपलांचा खच पडे. तिथे माझ्या शेजारी ती रडत बसली होती. ती उत्तीर्ण झाली, पुढे परिचारिका झाली आणि आज एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्याच भाषेत गरोदर बायांशी बोलते.

मी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकले, कीटकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता एका कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाचे काम करते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, तेव्हा बैठकांमध्ये अंदाजाचे आकडे भरलेले तक्ते माझ्यासमोर येत आणि ‘नोंद नाही’ असे लिहायची कोणाची तयारी नसे. त्या दिवसांत मी केरळातल्या मठात फोन करून सिस्टरांशी बोलले. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते हेच की, डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, तुम्ही स्वतः मोजता की कोणी सांगितलेल्या लिहिता. त्या आता बऱ्याच थकल्या आहेत. समितीने या अंकाची एक प्रत त्यांना पाठवावी आणि शक्य असल्यास हे पान मोठ्या अक्षरांत छापून सोबत जोडावे.

मागच्या खेपेस आले तेव्हा मुलींचे बोर्डिंग बंद झालेले पाहिले, मराठी माध्यमाच्या तुकडीत थोडीच मुले उरलेली पाहिली, आणि विज्ञानाच्या खोलीत दुकानातून विकत आणलेल्या प्रतिकृती वेष्टनासह मांडलेल्या दिसल्या. सिस्टरांची संख्या घटली आहे, पालकांना इंग्रजी हवे आहे, ही कारणे मला समजतात. तरी त्या वेष्टनांकडे पाहून मला वाईट वाटले, ते लपवत नाही.

म्हणून एक प्रस्ताव मांडते. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशी साधारण ४५ दिवसांची झाली की शेतात हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावायचे असतात, आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा त्याहून अधिक पतंग अडकले, तर उपाययोजनेची वेळ आली असे मानतात. शाळेच्या मागचे शिवार आजही कपाशीचेच आहे. येत्या खरिपात आठवी-नववीच्या मुलामुलींनी हे सापळे पाहावेत, रोजचा आकडा फाटकाबाहेरच्या फळ्यावर लिहावा, आणि पावसामुळे किंवा सुट्टीमुळे पाहणे झाले नाही तर तसे लिहावे. सापळे, त्यांत ठेवायच्या गंधाच्या गोळ्या (ल्यूर) आणि ओळख पटवून देण्याचे काम माझ्याकडे. वही शाळेने द्यावी. मुख्याध्यापकांनी पेरणीपूर्वी होकार कळवावा, ही विनंती.