नांगरटीतले ९८ यार्ड आणि मॉरिशसचा वारा

मागची नोंद मार्चअखेरची. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, जुलैत मॉरिशसला जातोय आणि इल ओ सेर्फ बेटावर गोल्फचे दोन राउंड, म्हणजे अठरा होलचे दोन पूर्ण खेळ, ठरवलेत, एवढंच तेव्हा लिहिलं होतं. त्यानंतर चार महिने गप्प होते, कारण सांगावं असं हाती काही नव्हतं. आता आहे.

आकडे आधी देते. पहिला राउंड १२४ फटके, हरवलेले चेंडू अकरा. तीन दिवसांनी दुसरा राउंड ११२, हरवलेले चेंडू चार. दोन्ही पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जवळच्या जागेवरून. जाताना हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाच्या पातळीचा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), ३३.४ होता. तीन दिवसांत कुणाचा स्विंग बारा फटक्यांनी सुधारत नाही, माझाही सुधारला नाही. फरक कशाने पडला ते लिहायचंय, आणि त्याची सुरुवात कोरेगावला आमच्या भाऊजींच्या रानात झाली.

माझा सराव कसा चालतो ते जुन्यांना माहीत आहे. पोवई नाक्याजवळ औषधांचं दुकान, सकाळी दुकान उघडण्याआधी पाऊण तास गच्चीवरच्या जाळीत फटके, आणि महिन्यातून एक-दोनदा पहाटे पाचला निघून खंबाटकीच्या बोगद्यातून येरवड्याच्या कोर्सवर. जाळीत फटका कसा बसला ते कळतं, चेंडू किती गेला ते कळत नाही. म्हणून ज्वारी निघाली की मार्च ते मे मी रविवारी कोरेगावला जाते. बांधावर कृत्रिम गवताचा तुकडा अंथरायचा, धसकटांच्या रानात चेंडू मारायचे, आणि पुतण्या व त्याचे दोन दोस्त ते वेचून आणतात.

दोन वर्षं मी त्याच रानात पावलं मोजून ठरवलं होतं की माझी सात नंबरची आयर्न, म्हणजे मधल्या अंतराची लोखंडी काठी, १२० यार्ड जाते. येरवड्याला कधी आखूड पडले तर फटका बिघडला असं म्हणायचे. मे महिन्यात एक चांगला वळीव झाला आणि भाऊजींनी सगळं रान नांगरून टाकलं. मी पोचले तर समोर नुसती ढेकळं. परत फिरायचं जिवावर आलं, म्हणून आहे त्यातच वीस चेंडू मारले. पुतण्या लांबून ओरडला, "काकू, बॉल पडला तिथंच बसलाय!" जाऊन पाहिलं तर प्रत्येक चेंडूने ओल्या ढेकळात वाटीएवढा खळगा केला होता आणि तो त्यातच रुतून होता. एक इंचसुद्धा पुढे सरकलेला नव्हता. भाऊजींनी घरातून फीत आणली. वीस चेंडूंपैकी बहुतेक ९४ ते १०२ च्या दरम्यान होते, मधला आकडा ९८.

वरचे बावीस यार्ड माझे नव्हतेच. ते उन्हाने टणक झालेल्या जमिनीचे होते. चेंडू ९८ वर पडायचा आणि पुढे घरंगळत जायचा. ड्रायव्हरचंही, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचंही, तेच झालं, १७० समजत होते, हवेतून जातो १४२. त्या दुपारी मला खरंच वाईट वाटलं. पण तिथेच बसून सगळ्या क्लबांची (काठ्यांची) कॅरी, म्हणजे फक्त हवेतलं अंतर, फितीने मोजली. दुकानातल्या लेबलांवर ती लिहून बॅगेच्या खिशाला चिकटवली.

आता कोर्सबद्दल. इल ओ सेर्फ हे मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट. बर्नहार्ड लँगर यांनी आखलेला हा कोर्स २००३ मध्ये सुरू झाला. १९८५ आणि १९९३ ची मास्टर्स जिंकणारे तेच लँगर. १८ होल, पार ७२, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके बहात्तर. खेळायला होडीतून जावं लागतं. बॅग होडीत ठेवताना माझे हात थरथरत होते, आणि त्याचं कारण समुद्र नव्हता. आत नऊ तळी आहेत, शिवाय समुद्राचे फाटे, खारफुटी आणि काळे ज्वालामुखी खडक. पाणी दिसत नाही असा होल मला आठवत नाही. येरवड्याला चुकलेला चेंडू झाडीत सापडतो आणि बाजूला मारून खेळ चालू राहतो. इथे चुकलेला चेंडू बुडतो. हरवलेल्या अकरापैकी नऊ पाण्यात गेले.

आणि वारा. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे या दिवसांत जोरात असतात आणि पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली जे उभे राहिलेत त्यांना वारा काही नवा नाही. पण आपल्याकडचा वारा झोताझोताने येतो, मध्ये दम घेतो. तिथला एकसारखा रेटत राहतो. तो थांबला की मारू, असं म्हणत बसायची सोय नाही. त्या सकाळी फोनवर ताशी २४ किलोमीटर दाखवत होता.

पहिल्या टीवर वेळा बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते. भारतात कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले, "मराठी!" त्यांच्या पणजोबांना उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून आणलं होतं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची अशी पुष्कळ माणसं तिकडे गेली, आणि गणेश चतुर्थीला आजही त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यांना क्रिओल येत होती, फ्रेंच येत होती, मराठी मात्र आरतीपुरती. तरी निघताना त्यांनी सावकाश एक एक शब्द जुळवत "तुम्ही बरे खेळा" असं म्हटलं. ह्यांनी वाकून नमस्कार केला. त्यांनी दिलेला सल्ला आधी ऐकायला हवा होता: दुपारी वारा वाढतो, पुढच्या वेळी सकाळची पहिली वेळ मागा.

पहिल्या राउंडचं सगळं सांगत बसत नाही. एकच होल सांगते, त्यात बाकीचे सतरा आले. पहिल्या नऊमधला एक पार-तीन. माझ्या टीपासून झेंडा ९२ यार्ड, त्यातले ८० पाण्यावरून, वारा समोरून. लेबलावर सात नंबरपुढे ९८ लिहिलेलं. ९८ मधून ९२ गेले, सहा यार्ड हाताशी, असा हिशेब केला. वारा आहे म्हणून थोडा जोर लावला. चेंडू छान बसला, वर चढला, आणखी चढला, आणि मग हवेत थबकल्यासारखा होऊन सरळ खाली आला. पाण्यात. दुसरा आणखी जोरात मारला, तो आणखी उंच गेला आणि आणखी अलीकडे पडला. तिसराही गेला. मग ठरवून दिलेल्या जागेवरून चेंडू टाकला, दंडाचे तीन धरून सातवा फटका ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर, मग दोन पट, म्हणजे जमिनीवरून ढकललेले फटके, एकूण नऊ. मला त्या होलवर हँडिकॅपमुळे दोन फटक्यांची सूट होती, त्यामुळे हँडिकॅपच्या हिशेबात नऊचे सात धरले गेले. मनात मात्र नऊच राहिले.

त्या रात्री झोप लागेना म्हणून खोलीच्या ओट्यावर वही घेऊन बसले. येरवड्याचे सर दोन वर्षं सांगत होते ते तेव्हा नीट उमगलं. चेंडूला उलटी फिरकी असते, तीच त्याला हवेत उचलून धरते. समोरून वारा असला की चेंडूवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, मग उचलणंही वाढतं आणि अडवणंही. त्यात जोरात मारलं की फिरकी आणखी वाढते आणि चेंडू फुग्यासारखा वर जातो. म्हणून वाऱ्यात मोठा क्लब घ्यायचा आणि सावकाश मारायचा. ढोबळ हिशेब असा की समोरचा वारा ताशी जितके मैल, तितके टक्के अंतर कमी. मागून असेल तर त्याच्या निम्मंच वाढतं. २४ किलोमीटर म्हणजे १५ मैल, म्हणजे माझे ९८ उतरले ८३ वर. शिवाय सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच, कोरेगावही जवळजवळ तेवढंच. विरळ हवेत चेंडू जरा जास्त जातो, तर किनाऱ्यावर दोन-अडीच यार्ड आणखी वजा. पाण्यापार जायला लागतात ८०, म्हणजे हाताशी जेमतेम एक यार्ड. माझा प्रत्येक फटका अगदी मधोमध बसेल या भरवशावर मी तो खेळले होते.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण मीही तो बाळगून होते. दमट हवा जड असते आणि चेंडूला अडवते, असं पुष्कळ जण म्हणतात. उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे तापमान आणि दाब तेवढाच असेल तर दमट हवा किंचित विरळच असते. फरक इतका थोडा की हिशेबात धरूच नये. दमटपणाचा त्रास होतो तो हाताला, मूठ घसरते. मी प्रत्येक फटक्याआधी पंचाने मूठ पुसत होते. दोन हातमोजे आळीपाळीने वापरा, एक वाळत ठेवा.

दुसरा राउंड सकाळच्या पहिल्या वेळेचा घेतला. निघण्याआधी लेबलांवर प्रत्येक क्लबपुढे आणखी एक आकडा लिहिला, समोरच्या वाऱ्यातला. त्याच पार-तीनला आलो तेव्हा वारा थोडा कमी, पण समोरूनच. पाच नंबरचा हायब्रिड, म्हणजे सात नंबरच्या आयर्नपेक्षा लांब मारणारा क्लब, काढला, कॅरी ११८. हे म्हणाले, "अगं, एवढा मोठा?" मी चेंडू उजव्या पायाकडे दोन बोटं सरकवून ठेवला, मूठ एक इंच खाली धरली आणि वर जाणारा हात खांद्याशीच थांबवला. आवाज हलकासा आला. चेंडू पाण्यावरून खालून खालून गेला, एवढा खाली की क्षणभर गेला असंच वाटलं, आणि झेंड्याच्या पुढे पाच पावलांवर टप्पा घेऊन तिथेच थांबला. दोन पट. पार. स्कोअर ह्यांच्याकडे होता. त्यांनी तीनचा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. पारला गोल काढत नाहीत, तो पारपेक्षा कमी फटक्यांना असतो, पण मी खोडू दिला नाही.

बाकीची सुधारणा दिसायला अजिबात देखणी नव्हती. जिथे टीवरून पाण्यापार १५० लागतात आणि माझा ड्रायव्हर १४२, तिथे पहिल्या दिवशी मी दर वेळी प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. बाजूच्या रुंद भागात हायब्रिड टाकायचा, मग पुढचा विचार. पाचला गेलेला पार-चार मला चालतो, आठला गेलेला नाही. यावर आपल्यातल्या काहींचं मत वेगळं आहे ते ठाऊक आहे: सुट्टीवर गेल्यावर धाडस नाही करायचं तर कधी? माझं म्हणणं, आठ यार्ड जास्त मारायचं धाडस जाळीत करावं.

गवताबद्दल थोडं, तिकडे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. तिथे पॅस्पॅलम नावाचं किनारी गवत आहे, ते खारं पाणी सोसतं. फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, चेंडू त्यावर मस्त उचलून बसतो. पण ग्रीनच्या कडेला तेच गवत चिकट वागतं, टप्पा पडला की चेंडू धरून ठेवतं. आपल्याकडे मी ग्रीनबाहेरून पटर घेऊन ढकलते, तिथे ते सारखं आखूड पडायचं. दुसऱ्या दिवशी चिप, म्हणजे ग्रीनजवळून छोटा उचलता फटका, करताना टप्पा झेंड्याच्या बराच जवळ धरला, तेव्हा जमलं.

आणि खेकडा. मागच्या नऊमध्ये माझा चेंडू फेअरवेच्या कडेला एका बिळाच्या तोंडाशी अर्धा आत जाऊन बसलेला. वाकून पाहिलं तर आतून दोन डोळे देठांवर उभे. हे म्हणाले, पेनल्टी घे आणि चल. पण जनावराने केलेलं बीळ असेल तर नियम १६ प्रमाणे फुकट सुटका मिळते, फक्त चेंडू पेनल्टीच्या हद्दीत, म्हणजे पाण्यासारख्या आखून दिलेल्या भागात, नसला पाहिजे. बीळ पूर्णपणे टळेल अशी सगळ्यात जवळची जागा, तिथून एक क्लबभर अंतर, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. मी तसंच केलं. एक फटका वाचला. नियमांचं पुस्तक दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचत असते, ते त्या दिवशी कामी आलं.

एक गोष्ट राहून गेली. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. दोन्ही दिवशी मिळून सात वेळा वाळूत गेले आणि पहिल्याच फटक्यात फक्त दोनदा बाहेर आले. मऊ, बारीक, पांढरी वाळू, क्लब खोल रुतत होता. त्यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही, कुणाकडे असेल तर लिहा.

सध्या साताऱ्यात पाऊस लागून आहे, गच्चीवरच्या जाळीखाली शेवाळ धरलंय. भाऊजींच्या रानात वाघ्या घेवडा उभा आहे. तो निघाला की ज्वारी पेरण्याआधी रान पुन्हा नांगरणार. परवा फोनवर म्हणाले, "वहिनी, ट्रॅक्टर सांगितला की कळवतो. या वेळी फीत तुमची तुम्ही आणा, आमची गेल्या वेळी रानातच राहिली." नवी शंभर फुटी फीत काल घेतली.