तक्रार नाही

गुरुवार, रात्री उशिरा

ड्युटी संपल्यावरही वॉर्डातच बसून होते, औषधांचे तक्ते चाळत. वॉर्डाची इनचार्ज सिस्टर झाल्यापासून रुग्णाच्या अंगाला हात कमी लागतो, कागदांनाच जास्त. आज मात्र एक कागद जिव्हारी लागला.

शेजारशेजारच्या दोन खाटा. एकच ऑपरेशन, तेही एकाच दिवशी. दोघींच्या तक्त्यावर वेदनाशामक ‘एसओएस’, म्हणजे लागलं तर द्या. एकीला दिवसभरात चार डोस गेलेत, दुसरीला एक. या दुसरीला आमची भाषा येत नाही, सोबतीलाही कुणी नाही. तिच्या नोंदीत तिन्ही पाळ्यांना एकच शेरा : ‘तक्रार नाही’. त्यातली एक सही माझी.

मी तिला पाहिलं होतं. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, मुठीत चादर. झोपली असेल असं धरून पुढे गेले, कारण पलीकडच्या खाटेवरून बेल वाजत होती. ‘लागलं तर’ म्हणजे आमच्याकडे ‘मागितलं तर’ होऊन बसलंय.

1971 साली ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की ज्यांना चांगल्या उपचारांची गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला ते कमी येतात. अभ्यासक्रमात वाचताना वाटायचं, हे सरकारांनी बघायचं. दोन खाटांमधल्या चार फुटांतही तेच चालतं हे कळायला माझी एवढी वर्षं गेली.

संध्याकाळी पाळी बदलतानाच्या ओव्हरला सांगून टाकलं : एसओएस असलेल्या प्रत्येकाला दर चार तासांनी आपणच विचारायचं, भाषेची अडचण असेल तर चेहऱ्यांचा तक्ता पुढे करायचा (पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका; किती दुखतंय ते बोटाने दाखवायचं), आणि ‘तक्रार नाही’ लिहायचं बंद, दुखण्याचा आकडा लिहायचा. धाकटी सिस्टर म्हणाली, “मॅडम, रात्री तीस पेशंटना आम्ही दोघी.” बरोबर बोलली. नुसता नियम काढून तिच्या डोक्यावर टाकणं म्हणजे पुढारपण नव्हे. रात्रीला तिसरी हवी. ते ठरतं ज्या बैठकीत, तिथे आम्हाला बोलावतात ते निर्णय ऐकवायला.

नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. क्रिमियाच्या युद्धातले सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनीच जास्त मेले, हे 1858 साली तिने आकृती काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवलं, ते फारसं कुणी सांगत नाही. उद्या मेट्रनकडे जाताना महिनाभराचे तक्ते घेऊन जाईन. चिडून दोनदा जाऊन आलेय, उपयोग झाला नाही.

निघताना त्या बाईंसमोर चेहऱ्यांचा तक्ता धरला. बराच वेळ त्या तक्त्याकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या. मग शेवटून दुसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. डोस दिला. वेळ लिहिली, 8.20. अर्ध्या तासाने परत विचारलं, तेव्हा बोट दोन चेहरे अलीकडे आलं होतं.