बाई, पाणी वाढलंच नाही!

दुसरीच्या मुलांना बर्फ वितळण्याबद्दल शिकवायचं ठरवलं तेव्हा मी पांढऱ्या अस्वलाचं चित्र घेऊन वर्गात गेले. पाच मिनिटांत कळलं की यात काही जीव नाही. मुंबईतली आमची शाळा, निम्मी मुलं कोळीवाड्यातली. बर्फ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. लादी किती वेळात अर्धी होते, गोणपाटात गुंडाळली तर किती टिकते, फोडलेला बर्फ मासळीच्या थरांमध्ये कसा घालतात, हे त्यांनीच मला सांगितलं. चित्र कपाटात ठेवलं आणि एका मुलाच्या वडिलांकडून लादीचा तुकडा मागवला.

पुढची चूक माझी. काचेची बरणी पाण्याने अर्धी भरली, त्यात बर्फ सोडला, पाणी जिथवर आलं तिथे स्केचपेनने रेघ मारली आणि सांगून मोकळी झाले, "बर्फ वितळला की पाणी रेघेच्या वर जाईल. समुद्राचंही तसंच होतंय." मधल्या सुट्टीनंतर सगळे बरणीभोवती जमले. पाणी रेघेवरच होतं.

"बाई, पाणी वाढलंच नाही!"

वाढणारच नव्हतं. तरंगणारा बर्फ जेवढं पाणी बाजूला सारतो, वितळल्यावर त्याचं जवळजवळ तेवढंच पाणी होतं. आर्किमिडीजचं तत्त्व मी परीक्षेसाठी घोकलं होतं, बरणीशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. मुलांना सरळ सांगितलं, बाईंनी चुकीचं सांगितलं, उद्या पुन्हा बघू.

दुसऱ्या दिवशी दोन बरण्या मांडल्या. एकीत बर्फ तरंगत ठेवला. दुसरीत दगड रचले, पाण्याबाहेर डोकं काढणारे, आणि बर्फ त्यांच्यावर बसवला. दोन्हींवर रेघा मारल्या, पंखा लावला. दगडावरून पहिला थेंब ओघळला तेव्हा वर्गात चिडीचूप. तासा-दीड तासाने दगडांच्या बरणीतलं पाणी रेघेच्या बोटभर वर गेलं होतं, तरंगत्या बर्फाच्या बरणीतलं जिथल्या तिथे. मग नकाशा उघडला. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर तरंगतो तो बर्फ म्हणजे पहिली बरणी. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा जमिनीवर बसलेला बर्फ म्हणजे दगडांची बरणी. अंटार्क्टिकावर आपली 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन संशोधन केंद्रं आहेत म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, तिथे मासळी मिळते का? मिळते, म्हटलं, तिथल्या समुद्रात भरपूर मासे आहेत. पाणी तापलं की फुगतं आणि त्यानेही समुद्र वर येतो, हा भाग मात्र मी मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवला.

बर्फ वितळतोय कशाने, हे सांगताना पुन्हा अडले. पुस्तकांत असतं तसं म्हटलं, कोळसा-पेट्रोलच्या धुराबरोबर जो वायू हवेत जातो त्याची पृथ्वीभोवती गोधडी झाली आहे. लगेच एक मुलगा म्हणाला, "पण गोणपाट गुंडाळलं की बर्फ टिकतो ना?" त्याचं अगदी खरं होतं. त्याच्या घरी पांघरूण बर्फ वाचवतं. तेव्हापासून गोधडी सोडली. आता मी उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचं उदाहरण देते. ऊन आत येतं, ऊब बाहेर पडत नाही. तंतोतंत तसंच होत नाही, पण सात वर्षांच्या मुलाला पुरतं.

सगळ्यात कठीण प्रश्न शेवटी आला. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मग आमचं घर बुडणार?" उधाणाच्या दिवशी त्यांच्या पायरीपर्यंत पाणी येतं. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरच्या वर चढेल, हे मला माहीत होतं. ते मी काढलं नाही. त्याला कित्येक शतकं लागतील, आणि मूल तर आज रात्री त्याच घरात झोपणार. पण काही होणार नाही, असं म्हणायलाही जीभ रेटेना. पट्टी घेतली आणि 20 या आकड्यावर तिचं बोट ठेवलं. 1901 ते 2018 या काळात जगातला समुद्र सरासरी एवढा वर आला. आता तो पहिल्यापेक्षा भराभर चढतोय, म्हणून मोठी माणसं तो मोजत असतात आणि धूर कमी करायच्या मागे लागली आहेत. तिने बोट बराच वेळ हलवलं नाही. मग विचारलं, "आपणपण मोजायचं?"

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला तिने आजीला सोबत घेऊन पायरीवर खडूने रेघ मारली. ती दुसऱ्याच लाटेत पुसली गेली. एका रेघेवरून काहीच ठरत नाही, वर्षानुवर्षं मारत राहावी लागते, हे मी दोघींना सांगितलं. पुढच्या उधाणाला आजीने होडीचा उरलेला निळा रंग काढून दिला.