टिलामूकला गेलात तर नुसतं चीज खाऊन परत येऊ नका

ओरेगॉनमधली आपली मंडळी टिलामूकला जातात ती चीज फॅक्टरीत आईस्क्रीम खायला आणि तिथून थेट समुद्रावर. गावाच्या दक्षिणेला हायवे १०१ वरून एक अवाढव्य गोल पाठीची इमारत दिसते, त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत एअर म्युझियम लिहिलंय, पण असेल काहीतरी पोरांसाठी म्हणून सगळे गाडी पुढे काढतात. असं करू नका राव.

मुळात ते म्युझियमसाठी बांधलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीने ब्लिंप ठेवायला बांधलेला हँगर आहे तो. ब्लिंप म्हणजे हेलियम भरलेला लांबुळका फुगा, खाली माणसांची केबिन, आणि इथले ब्लिंप साधारण २५० फूट लांब होते! जून १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या फोर्ट स्टीव्हन्सवर तोफा डागल्या होत्या, म्हणजे किनाऱ्याची भीती काही उगाच नव्हती. ब्लिंपला वेग नाही पण तासन् तास वर राहतो, पाणबुड्या शोधायला आणि जहाजांच्या ताफ्यावर नजर ठेवायला एकदम सोयीचा.

आता खरी गंमत. युद्धामुळे पोलाद मिळेना, म्हणून हा हँगर लाकडात उभा केला, डग्लस फरच्या. १०७२ फूट लांब, २९६ फूट रुंद, १९२ फूट उंच. आत ७ एकर जागा, आमच्या गावात ७ एकरवाला बरा शेतकरी समजतात, इथे तेवढ्यावर एकच छप्पर आणि मध्ये एक खांब नाही. दाराचे पल्ले १२० फूट उंच, एकेक ३० टनांचा, रेल्वेसारख्या रुळांवरून सरकणारे. बाबांचं आयुष्य बांधकामावर गेलंय, इकडे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेलो, तर त्यांनी विमानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मान वर करून कैच्या आणि बोल्ट बघत फिरत होते आणि मधेच म्हणाले, अरे हे सुताराचं काम आहे.

१९४८ मध्ये नेव्हीचा तळ बंद झाला. असे हँगर इथे दोन होते, ए आणि बी. ए मध्ये पेंढा साठवला होता, १९९२ मध्ये आग लागली आणि तो गेला. बी चं नाव त्याआधीच, १९८९ मध्ये, राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आलं होतं, पण यादीत नाव आल्याने छप्पर गळायचं थोडंच थांबतं, आणि या किनाऱ्यावर पाऊस आपल्या कोकणाची आठवण करून देणारा. मग म्युझियम आलं. त्यातली बरीच विमानं मालकाने पुढे मद्रासला हलवली (हो, ओरेगॉनमध्येपण मद्रास आहे, तिकडची हवा कोरडी), तेव्हा लोकांना वाटलं आता संपलं. पण म्युझियम चालू राहिलं आणि मला विचाराल तर खरं बघण्यासारखं हा हँगरच आहे, विमानं बोनस.

अख्ख्या अमेरिकेत असे १७ लाकडी हँगर बांधले होते. कॅलिफोर्नियात टस्टिनला दोन शिल्लक होते, त्यातल्या एकाला नोव्हेंबर २०२३ मध्ये आग लागली आणि तोही गेला. त्यामुळे टिलामूकचा आहे तोवर बघून घ्या, तिकीट काढा, तेवढाच छपराला हातभार. उन्हाळ्यातही जॅकेट न्या, आत चांगलंच गार असतं.