पखवाजाची कणीक

आमचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी रेट आठवतो. माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो तेव्हाही तेच, पताकेचा बांबू कितीला पडला असेल, ताडपत्री जाड आहे का पातळ, असलंच डोक्यात. दिवेघाट, पाऊस, पायाचे फोड हे सगळेच लिहितात म्हणून सोडून देतो.

सासवडच्या मुक्कामात पहाटे बायका चपात्यांचं पीठ मळत होत्या. आमच्या दिंडीतले पखवाजवाले काका आले आणि परातीतून लिंबाएवढा गोळा उचलून चालायला लागले, कोणी काही बोललं पण नाही. मी मागे गेलो. त्यांनी पाणी लावून कणीक सैल केली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापली, बोटाने कड सारखी केली, थाप मारली, तोंड वाकडं केलं, चिमूटभर काढली, परत थाप, आणि मग तो पोटात जाणारा धुम्म निघाला. म्हटलं काका रोज लावता? म्हणाले, "रोज. वाळली की बोलत नाय तो. उजव्याला काळी शाई बसवलेलीच असते, त्याचं तिच्यावर भागतं माऊली, डाव्याला रोज जेवायला लागतं."

अर्ध्या तासाने त्याच परातीतली चपाती मी खात होतो आणि समोर तीच कणीक वाजत होती, जरा विचित्रच वाटलं.

त्या दिवशी चालताना कोणीतरी सावतोबांचा अभंग घेतला, "कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी". लहानपणापासून ऐकलाय आणि मला वाटायचं माळीबुवा भाजीला देवाची उपमा देतायत. पण उपमा कुठे आहे त्यात? 'विठाईसारखी' असं म्हणतच नाहीत ते, सरळ 'अवघी विठाई'. म्हणजे कांदा कांदाच, त्याला खुरपायचं, पाणी द्यायचं, आणि विठाई पण तोच. अरणच्या मळ्यात राबणाऱ्या माणसालाच हे सुचावं, आम्हा दुकानदारांना नाही.

पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात, एकावर जरीपटकावाला स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ रिकामी, तो माऊलींचा. घोडे गेले की लोक टापांखालच्या मातीवर तुटून पडतात, मी पण कपाळाला लावली. शेजारी एक आजी मात्र शांतपणे मूठभर माती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधत होती. विचारलं, आजी एवढी कशाला?

"पेरून आलेय, पाऊस नाय अजून. वावरात टाकीन."

"मग काय होतं त्याने?"

"काय व्हायचंय? माती हाय, मातीत जाईल."

आणि गाठ कंबरेला खोचून निघाली पण, मी माझी एक चप्पल शोधत तिथेच.