मृणालताई गोरे : नळापासून विधेयकापर्यंत

मृणाल गोरे यांचं नाव निघालं की ‘पाणीवाली बाई’, हंडे आणि लाटणी एवढंच आठवतं. मोर्चे त्यांनी काढलेच, आणि ते मोठे होते. पण समाजकार्यातून राज्याच्या राजकारणात आलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते मोर्चा संपल्यानंतरचं काम. मागणी कोणत्या टेबलावर अडते, तिथे कोणाची सही लागते आणि सही करणारा नाही म्हणाला तर कोणता नियम बदलावा लागेल, याचा शोध त्या शेवटपर्यंत घेत राहिल्या.

वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत आल्या. काम गोरेगावात. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांचं १९५८ साली निधन झालं. त्यानंतर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या ट्रस्टमधून कामाला घर मिळालं. आधी ग्रामपंचायत आणि १९६१ साली मुंबई महापालिका, असा निवडणुकीतला प्रवास सुरू झाला.

उपनगरातल्या पाण्याचं दुखणं समजून घेतलं, तर त्यांची पद्धत कळते. ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्यात जलवाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या वस्तीला जोर मिळतो आणि टोकाच्या नळाला थेंब. नवी वस्ती वाढते, जुनीच अरुंद वाहिनी तिला पुरवावी लागते, मध्येच कोणी मोटार लावून ओढतो. अशा वेळी वॉर्ड ऑफिसवर हंडे घेऊन गेलं की फार तर टँकर येतो. वॉर्ड अधिकाऱ्याच्या हातात मोठी वाहिनी नसते. ती जलअभियंत्याकडे, आणि तिचा पैसा स्थायी समितीच्या मंजुरीत. बाहेर बायकांचा मोर्चा आणि आत सभागृहात नगरसेविकेचा प्रश्न, ही जोडी इथेच उपयोगी पडते. नुसता मोर्चा आश्वासन घेऊन परत येतो आणि नुसता प्रश्न छापील उत्तर घेऊन.

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. दुष्काळ आणि टंचाईचं वर्ष होतं. धान्य, साखर, तेल, रॉकेल यांच्या वाटपाचा कारभार राज्याच्या पुरवठा खात्याकडे, म्हणजे पालिकेत कितीही भांडलं तरी हाती काही लागलं नसतं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांबरोबर उभी केलेली महागाई प्रतिकार संयुक्त समिती याच काळातली. साम्यवादी आणि समाजवादी बायका एका व्यासपीठावर टिकल्या, कारण मागणी रेशन कार्डावर मोजता येईल इतकी ठोस होती. विचारसरणीवर एकमत व्हायची वाट पाहिली असती, तर तो मोर्चा निघालाच नसता.

आणीबाणीत भूमिगत काम, मग अटक आणि तुरुंग. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवड. तेव्हा देऊ केलेलं आरोग्यमंत्रिपद त्यांनी नाकारलं. या नकाराचं कौतुक पुष्कळ होतं. मला मात्र तो चुकला असं वाटतं. दहा वर्षांनी ज्या प्रश्नावर त्यांना विरोधी बाकावरून झगडावं लागलं, तो आरोग्य खात्याचाच होता.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भजलपरीक्षेचा, म्हणजे गर्भाभोवतालचं पाणी सुईने काढून करायच्या तपासणीचा, उपयोग लिंग ओळखण्यासाठी सर्रास होत होता. सरकारी रुग्णालयांत त्यावर आधीच बंदी होती, पण खाजगी दवाखाने मोकळे, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे वळली. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका पाहणीत ४२ जण ही चाचणी लिंग सांगण्यासाठी करत असल्याचं आढळलं. स्त्री संघटना, डॉक्टर आणि संशोधक यांचा मंच बाहेर काम करत होता. मृणालताईंनी १९८६ साली आत अशासकीय विधेयक मांडलं.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक. मसुदा स्वतः करायचा, सोबत उद्देश व कारणं जोडायची, आगाऊ सूचना द्यायची आणि मग थांबायचं. या कामकाजाला शुक्रवारचा थोडा वेळ मिळतो. त्यातही इतरांची विधेयकं रांगेत, अधिवेशन लवकर गुंडाळलं की तोही वेळ गेला. चर्चा झालीच, तर मंत्री म्हणतात, ‘शासन विचार करत आहे, माननीय सदस्यांनी मागे घ्यावं.’ बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो. आकडे हातात नसले किंवा बाहेर कोणी वाट पाहत नसलं, की आश्वासन कागदावरच राहतं. या विधेयकाच्या मागे पाहणीचे आकडे होते, वर्तमानपत्रं होती आणि दर अधिवेशनात दारात उभ्या राहणाऱ्या संघटना होत्या. सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला, देशात असा पहिला. श्रेय सरकारच्या नावावर गेलं. विरोधी आमदाराला कायदा हवा असेल तर ही किंमत मोजावी लागते, आणि ती खुशीने मोजायला हवी. त्याच सुमारास त्या विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

कायद्यातल्या उणिवाही सांगायला हव्यात. राज्याचा कायदा सीमेपर्यंतच. पलीकडच्या राज्यात जाऊन चाचणी करता येत होती. त्यामुळे केंद्राचा कायदा हवा होता. तो १९९४ साली झाला आणि १९९६ पासून लागू झाला. तोवर गर्भजलाची सुई मागे पडून सोनोग्राफी गल्लीबोळात पोहोचली होती. ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर अंमलबजावणीला धार आली, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्यात आली.

आज गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे ‘एफ’ अर्ज भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावा लागतो. हा अर्ज हाच पुरावा असतो, कारण लिंग तोंडी किंवा खुणेने सांगितलं जातं. खोलीतल्या दोघांनाही ते लपवायचं असतं, तक्रारदार उरतच नाही. अर्धवट अर्ज ‘कारकुनी चूक’ म्हणून सोडून दिले, की खटला उभा राहण्याआधीच पडतो. प्राधिकारी बहुधा डॉक्टरच असतात. आपल्याच व्यवसायातल्या माणसाचं यंत्र सील करायला हात कचरतो. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होत्या. पहिला कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. पाण्याच्या वेळी नळ कोरडा राहिला की बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. तसा रोज विचारणारा समूह या कायद्याच्या मागे जिल्ह्याजिल्ह्यांत उभा राहिला नाही.

घरांच्या प्रश्नात मात्र असा समूह होता. १९७६ च्या नागरी कमाल जमीन कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरहून जास्त मोकळी जमीन एका मालकाला ठेवता येत नव्हती. पण कलम २० खाली सूट देण्याचा अधिकार सरकारकडे, आणि सूट हाच नियम झाला. मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेतून सरकारकडे तोडगा मागितला : जमीन द्या, घरं आम्ही सहकारातून बांधतो. गोरेगावात दिंडोशीला सुमारे ६२ एकरांवर सहा हजारांहून अधिक कुटुंबांची वसाहत उभी राहिली. सदस्यांची यादी, हप्ते, उत्पन्नाचे दाखले, सोसायट्यांची नोंदणी हे रटाळ काम वर्षानुवर्षं करणारी माणसं त्यामागे होती. महाराष्ट्राने तो जमीन कायदा २००७ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या कायद्याच्या आधाराने अशी दुसरी वसाहत आता मागता येत नाही. आज कोणाला हे करायचं असेल, तर सुरुवात शहरातल्या सरकारी जमिनींची यादी मागण्यापासून करावी लागेल.